पस्तीस म्हणजे नक्की पस्तीसच ना?

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल पाळायची टाकी, ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, पाण्याची क्षारता किती ठेवायची? उत्तर ठरलेलं असतं, ३५ पीपीटी. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार. काही जण तेच विशिष्ट गुरुत्वात, म्हणजे गोड्या पाण्याच्या किती पट जड या हिशेबात, १.०२६ असं सांगतात. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण हातातलं यंत्र ३५ दाखवतं तेव्हा टाकीतलं पाणी खरंच ३५ असतं का, हे शोधण्यात माझा मागचा उन्हाळा गेला. सोलापूरच्या हवेत हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा जरा जास्तच अवघड होतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. हंगामात ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी), पोल (त्यातली साखर), प्युरिटी (शुद्धता) यातच दिवस जातो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की मात्र घरच्या टाकीकडे नीट बघायला सवड मिळते. घर जुळे सोलापुरात, हॉलमध्ये दोनशे लिटर पाण्याची टाकी, खाली सम्प, म्हणजे तिला जोडलेली छोटी टाकी. क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प, गोगलगाई, दगडांवर झोआ आणि एका कोपऱ्यात हॅमर, ही दोन्ही कोरल. समुद्राचं पाणी आणायचा प्रश्नच येत नाही. आरओच्या पाण्यात बाजारात मिळणारं सिंथेटिक सॉल्ट कालवून पाणी बनवायचं. म्हणजे खारटपणा आपणच ठरवायचा आणि आपणच मोजायचा.

माझ्याकडे मोजायला तीन साधनं होती. टाकीबरोबर आलेला काटेवाला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची घनता दाखवणारं साधन (प्लास्टिकची चपटी डबी, आत वरखाली फिरणारा काटा), काचेचा तरंगता हायड्रोमीटर आणि ऑनलाइन मागवलेला हाताचा रिफ्रॅक्टोमीटर. एकाच मगातलं पाणी तिन्हींत घातलं. काट्याने १.०२८ दाखवलं, म्हणजे साधारण ३७ पीपीटी. काचेचा १.०२४ च्या जरा वर, म्हणजे जेमतेम ३२. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये साडेपस्तीस. पाणी तेच, आणि फरक पाच पीपीटीचा.

टाकीचं सामान जिथून घेतो त्या दुकानदाराला हे दाखवलं. तो म्हणाला, "सर, एवढं काय बघालाय त्यात? मासे मस्त फिरालेत की." माशांपुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे. क्लाऊनफिश, डॅम्सेल यांची मूत्रपिंडं आणि कल्ले शरीरातलं मीठ सांभाळून घेतात. ३१ असो की ३६, ते दिवस काढतात. पण श्रिम्प, गोगलगाय, तारामासा, कोरल यांचं तसं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं आणि बाहेर बदल झाला की तो थेट अंगात पोचतो.

दुसरी अडचण हिशेबाची. समुद्राचं पाणी जास्त खारट असो की कमी, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले होते. त्यातले ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये हे पक्कं केलं. म्हणूनच क्षारता ही एकच संख्या एवढी कामाची ठरते. ३५ पीपीटीला कॅल्शियम किलोला ४१० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. क्षारता ३२ असेल तर तेच ३७५ च्या घरात येतं. आता ज्याला आपलं पाणी ३५ आहे असं वाटतंय तो टेस्ट किटवर ३७५ बघून कॅल्शियम कमी पडलं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालत बसतो. कमी पडलेलं असतं सगळंच. आधी क्षारता खात्रीची हवी, बाकीच्या टेस्ट मग.

सुरुवात काचेच्या हायड्रोमीटरपासून केली, कारण त्याच्याशी माझी जुनी ओळख. कारखान्यात आम्ही रसाच्या जारमध्ये ब्रिक्स स्पिंडल (ब्रिक्स दाखवणारा हायड्रोमीटरच) सोडतो तेव्हा शेजारी थर्मामीटर असतोच. आपल्याकडचे ब्रिक्स स्पिंडल २७.५ अंश सेल्सियसला आखलेले असतात. रस त्याहून गरम किंवा गार असेल तर तक्ता बघून दुरुस्ती करायची. ही शिस्त लॅबमध्ये इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याविना आकडा वहीत चढत नाही. टाकीच्या हायड्रोमीटरच्या कागदी पट्टीवरही बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं. माझ्यावर २५ अंश होतं. काहींवर १५.५ असतं. घेतानाच ते बघून घ्यावं.

माझ्या टाकीचं पाणी त्या दिवशी २९ अंशांवर होतं. पाणी तापलं की पातळ होतं, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी येतो. समुद्राच्या पाण्याची घनता २५ वरून ३० अंशांवर जाताना साधारण ०.००१६ ने उतरते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण एक पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्वात जेमतेम ०.०००७५. म्हणजे पाच अंशांच्या फरकाने आकडा दोन पीपीटीने खाली येतो. माझ्या चार अंशांची दुरुस्ती धरली तर १.०२४३ चं १.०२५५ झालं. म्हणजे पाणी ३२ नव्हतं, ३४ च्या आसपास होतं.

काचेचा हायड्रोमीटर वाचायचा तो डोळा पाण्याच्या पातळीत आणून, टाकीच्या बाहेरून. काचेच्या दांडीला पाणी थोडं वर चढतं. तो चढलेला काठ सोडून पाण्याची सपाट रेघ जिथे दांडीला कापते तिथला आकडा घ्यायचा. टाकीत पंप चालू असतो, म्हणून पाणी उंच जारमध्ये काढून घेतलेलं बरं. दांडीवर वाळलेलं मीठ असेल तर तेवढ्या वजनानेही तो खाली बसतो.

काटेवाल्याचा दोष निराळा निघाला. काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि तो वर उचलला जातो. डबी भरून ठेवली, कडेवर टिचक्या मारल्या, मऊ ब्रशने काटा पुसला, तेव्हा तो १.०२८ वरून १.०२६ च्या खाली आला. जुन्या काट्यावर क्षारांचा थर बसला की त्याची चाल आणखी बदलते. या साधनावर माझा फारसा भरवसा राहिला नाही. पण नवीन माणसाच्या हातात दुसरं काहीच नसेल तर बुडबुडे झटकून आणि कधीतरी खात्रीच्या पाण्यात तपासून ते चालवून घेता येईल.

आता रिफ्रॅक्टोमीटर. हे साधन सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ जणांच्या हाताखालून गेलेलं आहे. उसाची पक्वता बघायला आमचे शेतकी खात्याचे लोक फडात घेऊन जातात, द्राक्षाचे बागायतदार गोडी बघायला वापरतात. काचेवर थेंब टाकायचा, झाकण ठेवायचं, उजेडाकडे तोंड करून बघायचं. प्रकाश पाण्यातून काचेत शिरताना किती वळतो यावर वरच्या निळ्या आणि खालच्या पांढऱ्या भागामधली रेघ सरकते. टाकीवाल्यांचा रिफ्रॅक्टोमीटर हाच, फक्त आतली पट्टी वेगळी छापलेली.

सगळी मेख त्या छापलेल्या पट्टीत आहे. बाजारात 'सॅलिनिटी'च्या नावाने मिळणारे कितीतरी रिफ्रॅक्टोमीटर प्रत्यक्षात साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मीठ तर असतंच, पण मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतं. दोन्ही द्रावणं प्रकाश सारखा वळवत नाहीत. ३५ पीपीटी समुद्राचं पाणी प्रकाश जितका वळवतं तितकंच वळवायला साधं मीठ ३६.५ पीपीटी लागतं. म्हणजे मिठाच्या पट्टीवर खरं ३५ चं पाणी ३६.५ दिसणार. आपली पट्टी कोणती हे बघायची एक खूण आहे. पट्टीवर पीपीटी आणि विशिष्ट गुरुत्व दोन्ही छापलेलं असेल तर ३५ च्या समोर काय येतं ते बघा. १.०२५ असेल तर ती साध्या मिठाची, १.०२६ ओलांडून थोडं पुढे असेल तर समुद्राच्या पाण्याची. माझी पहिल्या जातीची होती.

कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की डिस्टिल्ड वॉटर टाकून स्क्रूने शून्य लावा. ते मी नेमाने करत होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते यासाठी चालतं. आरओचं पाणी चालतं का, यावर लोक उगाच वाद घालतात. आरओचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ५०-६० मिलिग्रॅम असला तरी तो ०.०५ पीपीटी होतो. या साधनाच्या रेघेला तो दिसतही नाही. टाकीत घालायच्या पाण्याचं म्हणाल तर गोष्ट वेगळी, तिथे टीडीएस शून्याजवळच हवा. उजनीचं पाणी नळाला आलं की आम्ही ते साठवतो आणि आरओ-डीआयमधून (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) काढूनच वापरतो.

तर शून्य अगदी बरोबर होतं, आणि तरीही ३५ जवळ आकडा चुकत होता. मोजायचं ३५ ला असेल तर यंत्र ३५ लाच तपासलं पाहिजे, असं आम्ही लॅबमध्ये मानतो. त्यासाठी ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं पाणी हवं. ३५ चं तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं. पण ते बाटलीत किती जुनं आहे, वाटेत झाकणातून किती उडालं, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मी स्वतःच बनवायचं ठरवलं.

कृती साधी आहे. वजनाने ३.६५ टक्के मिठाचं पाणी बनवायचं, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ३.६५ ग्रॅम मीठ आणि ९६.३५ ग्रॅम पाणी. हे द्रावण प्रकाश तितकाच वळवतं जितका ३५ पीपीटी समुद्राचं पाणी वळवतं. प्रमाण थोडं वाढवून घेतलं तर वजनातली चूक लहान होते, म्हणून मी ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी घेतलं. पाणीसुद्धा वजनानेच घ्यायचं, मापाने नाही. मीठ आधी ओव्हनमध्ये १०५ अंशांना वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणारं झाकणाचं भांडं) गार केलं, कारण मिठात ओल असली की तेवढं मीठ आपोआप कमी पडतं. घरी करायचं तर साधं पांढरं मीठ तव्यावर चांगलं कोरडं करून, गार होताच लगेच तोलावं. त्यातलं आयोडीन इतकं नगण्य असतं की त्याची काळजी करायचं कारण नाही. लोह घातलेलं मीठ किंवा सैंधव मात्र नको.

तराजूचं काय? स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. ३६.५ च्या जागी ३६ किंवा ३७ आलं तर अर्धा पीपीटी इकडचा तिकडे. मला लॅबचा तराजू होता. ज्यांना तो नाही त्यांनी ओळखीच्या सराफाकडे जावं. सोन्याच्या तराजूवर ग्रॅमचा शंभरावा भागही दिसतो आणि त्याची पडताळणीही होत असते. मीठ तिथे तोलून घ्यायचं आणि पाणी घरच्या काट्यावर. हजार ग्रॅम पाण्यात एका ग्रॅमची चूक झाली तरी बिघडत नाही, मिठात झाली तर बिघडतं.

द्रावण लॅबमधल्या ॲबे रिफ्रॅक्टोमीटरवर (टेबलावरचा, जास्त अचूक प्रकार) लावून बघितलं. २० अंशांना ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३९४ असतो आणि रेघ बरोबर तिथेच बसली. लागलीच हाताच्या ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवरही थेंब टाकला. साखरेच्या पट्टीवर १.३३९४ म्हणजे साधारण ४.४ ब्रिक्स आणि तसंच आलं. ही दुसरी पडताळणी इथे द्राक्षबागायतदाराच्या घरीही करता येईल. मात्र ब्रिक्सच्या पट्टीवर एक घर ०.२ चं असतं आणि ते दीड पीपीटीहून मोठं होतं, म्हणून त्यावरून फक्त ढोबळ अंदाज घ्यावा. खरं सांगायचं तर ॲबेसुद्धा चौथ्या दशांशाच्या पुढे जात नाही आणि त्या चौथ्या दशांशातलं एक घर म्हणजे अर्धा पीपीटी. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात अचूक साधन तराजूच. काचा, प्रिझम, इलेक्ट्रॉनिक पेन यांचा खरेपणा शेवटी नीट तोललेल्या मिठावर उभा राहतो. मला या कामातलं हे सगळ्यात आवडलं.

घरी आणून तेच द्रावण टाकीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकलं. शून्य लावलेलं असताना त्याने साडेछत्तीस दाखवलं, पट्टी साध्या मिठाची असेल तर जे दिसायला हवं तेच. स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली. मग बॅटरीचं पाणी टाकलं तर रेघ शून्याच्याही खाली गेली. बरेच जण इथे घाबरतात आणि परत शून्य लावतात. तसं करू नये. शून्य पीपीटीमध्ये आपण कुणालाच पाळत नाही. ३५ ला रेघ जुळली की ३२ ते ३८ च्या पट्ट्यात उरलेली चूक ०.२ पीपीटीच्या आत राहते आणि आपलं सगळं काम त्याच पट्ट्यात चालतं. नव्याने लावलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकीचं पाणी ३४ आलं. तापमानाची दुरुस्ती केल्यावर काचेच्या हायड्रोमीटरनेही तेच सांगितलं होतं.

इथपर्यंतचं काम कुठल्याही गावात असंच झालं असतं. सोलापूरचा भाग पुढे आला. एके दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सहज मोजलं तर पाणी ३१ च्या जवळ. सकाळी ३४ होतं, मध्ये टाकीत काहीच घातलेलं नव्हतं. रिफ्रॅक्टोमीटरच्या अंगावर एटीसी छापलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप होते असं गृहीत धरलं जातं. पण त्याच्याच कागदावर त्याची मर्यादाही लिहिलेली असते: १० ते ३० अंश. आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापमानाप्रमाणे वाकते आणि आकडे सरकवते. तिची वाक त्या पट्ट्यापुरतीच जुळवलेली असते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० पार करतो. पंखा चालू असलेल्या खोलीतही ३७-३८ असतं आणि टेबलावर पडलेलं यंत्र तेवढंच तापलेलं असतं. पाण्याचा अपवर्तनांक तापमानाबरोबर उतरतो. त्या उष्णतेत एका अंशाला अर्ध्या पीपीटीहून जास्त. एटीसीची मर्यादा सुटली की आकडा घसरतो.

नुसता अंदाज नको म्हणून टाकीचं पाणी एका छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद केलं. म्हणजे त्यातलं पाणी उडणार नाही आणि आकडा बदलला तर दोष यंत्राचा. पहाटे, दुपारी, रात्री त्याच बाटलीतला थेंब मोजत गेलो. पहाटे ३४, दुपारी दोन-अडीच पीपीटीने खाली, रात्री उशिरा परत वर. मग बाटली आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही बेडरूममध्ये एसी २५ वर लावून बराच वेळ ठेवले. भर दुपारी आकडा ३४ वर परत आला. घरात एसी नसेल तर सूर्य उगवायच्या आत मोजावं, किंवा मोजायच्या वेळी आधी ३५ च्या द्रावणाचा थेंब टाकून रेघ किती सरकली आहे ते बघावं आणि तेवढीच वजाबाकी-बेरीज टाकीच्या आकड्यात करावी. दोन्ही थेंब एकाच तापमानाला असले की चूक दोन्हीकडे सारखीच पडते.

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट दिसली. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे त्याचं तापमान काचेइतकं होईल, असं सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. पण आमच्या कोरड्या हवेत झाकणाच्या कडेने थेंब लगेच सुकायला लागतो. डोळा लावून बसलं की रेघ आधी स्थिर होते आणि नंतर हळूच वर सरकू लागते. कडेला तोवर मिठाची पांढरी किनार दिसायला लागलेली असते. म्हणून थेंब जरा मोठा घ्यावा, झाकण एका बाजूने टेकवत खाली आणावं म्हणजे बुडबुडा अडकत नाही, आणि रेघ थांबली की लगेच वाचावं. वाचून झालं की काच आरओच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावी. आदल्या दिवशीचं मीठ काचेवर राहिलं असेल तर आजच्या आकड्यात ते मिसळतंच.

माझ्या मेव्हण्याकडे पुण्यात मोठा रीफ टँक, म्हणजे मुख्यतः कोरलची टाकी, आहे. तो सुट्टीत आला तेव्हा त्याचा कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे वहनक्षमता मोजणारा, पेन घेऊन आला. म्हणाला, "दाजी, आता एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू." पाण्यात विद्युतप्रवाह किती सहज वाहतो यावरून पेन क्षारता काढतो. समुद्रशास्त्रज्ञही १९७८ च्या प्रमाणानुसार क्षारता अशीच, वहनक्षमतेच्या गुणोत्तरावरून ठरवतात. ३५ पीपीटी पाण्याची वहनक्षमता २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते आणि त्याच आकड्याची द्रावणाची पाकिटं मिळतात. तापमानाचा परिणाम इथे सगळ्यात जास्त, अंशाला सुमारे दोन टक्के. पण पेनमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि तो दुरुस्ती करतो. अट एवढीच की पेनची टोकाची बाजू पाण्याच्या तापमानाला यायला वेळ द्यायचा, फटीत अडकलेला बुडबुडा हलवून काढायचा आणि द्रावण व टाकीचं पाणी शक्यतो एकाच तापमानाला ठेवून तपासायचं. घरच्या आरओला लावतात तो टीडीएसचा स्वस्त पेन इथे कामाचा नाही. समुद्राचं पाणी त्याच्या मापाच्या कितीतरी पुढे असतं.

पाकीट फोडून त्याने आधी पेन ५३ वर लावला, मग टाकीच्या पाण्यात धरला. ३४.१ आलं. शेजारी मी २५ अंशांवर ठेवलेला रिफ्रॅक्टोमीटर, त्यात ३४. तोललेलं मीठ आणि विद्युतप्रवाह या दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा मिळाला. मेव्हणा मला म्हणाला, "एवढ्यासाठी मी पेनला इतके पैसे मोजले होय!" पण पेनचा उपयोग आहेच. रोज मोजणाऱ्याला तो सोयीचा, फक्त त्यालाही अधूनमधून द्रावणात घालून बघावं लागतं.

मोजमाप पक्कं झाल्यावर ३४ चं ३५ करणं सोपं होतं. उन्हाळ्यात सम्पवर छोटा पंखा लावतो, त्याने टाकी दोन-तीन अंशांनी गार राहते, पण पाणी झपाट्याने उडतं. आटलेल्या आमटीसारखं आहे हे: पाणी जातं, मीठ मागे राहतं. दोनशे लिटरमधले पाच लिटर उडाले तर ३५ चं जवळपास ३६ होतं, तेही एखाद-दोन दिवसांत. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्याने करायची. मी त्यातली थोडी भरपाई काही काळ सॉल्टच्या पाण्याने केली. तीन लिटर ३५ च्या पाण्यात शंभर ग्रॅमच्या जरा वर क्षार असतात, त्याने दोनशे लिटरची क्षारता अर्ध्या पीपीटीने वाढते. हे सावकाश, सकाळच्या आकड्याकडे बघत बघत केलं. क्षारता झपाट्याने बदलली तर श्रिम्प पहिल्यांदा आडवा पडतो. त्यानंतर ऑटो टॉप-ऑफचा फ्लोट बसवला. पातळी खाली गेली की तो आरओचं पाणी सोडतो. त्याच्या टाकीत सॉल्टचं पाणी कधीच भरायचं नाही, आणि लाइट गेल्यावर सम्पची पातळी वर येते हे धरून फ्लोटची उंची लावायची.

द्रावणाबद्दल एक राहिलं. मोठ्या बाटलीतून रोज थोडं थोडं काढलं तर उघडझाप होऊन त्यातलंही पाणी उडतं आणि ३५ चं द्रावण हळूहळू ३६ चं होतं. मग रिफ्रॅक्टोमीटर त्याच्याशी जुळवून आपण टाकी वर नेतो. म्हणून मी ते औषधांच्या छोट्या ड्रॉपर बाटल्यांत भरून ठेवलं, प्रत्येकीवर तारीख. एक वापरात, बाकीच्या बंद. शंका आली की नवी बाटली फोडून जुनीशी ताडून बघायची. काटेवाल्या किंवा काचेच्या हायड्रोमीटरसाठी हे द्रावण चालत नाही. घनतेसाठी ३.७ टक्क्यांचं वेगळं बनवावं लागतं, कारण ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकी घनता साध्या मिठाला त्या प्रमाणात येते.

त्यातली एक बाटली त्याच दुकानदाराकडे घेऊन गेलो. त्याच्याकडचे विकायला ठेवलेले रिफ्रॅक्टोमीटर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, हवा तापायच्या आत, काउंटरवर मांडले आणि एकेकावर थेंब टाकत गेलो. एकाने ३४, एकाने ३८, एकाने ३६.५ असे आकडे निघाले. तो स्वतः डोळा लावून बघत होता. "काय ओ सर, म्हणजे हे सगळं लावूनच द्यायला पाहिजे की," म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. आता बाटली त्याच्या काउंटरवर असते. रिफ्रॅक्टोमीटर घ्यायला येणाऱ्याला तो समोरच ३५ लावून देतो आणि दुपारच्या उन्हात मोजू नका म्हणून सांगतो. संपली की फोन येतो, मी नवीन भरून देतो.